महादेवीअक्काच्या दुकानापुढची जागा

महादेवीअक्काचं दुकान कशाचं होतं, हे आता आमच्या पेठेत कुणाला विचारलं तर धड सांगता येणार नाही. त्या जागेवर हल्ली एक पोरगा मोबाइलची कव्हरं विकतो. इथं पूर्वी बैलांचा साज मिळायचा म्हटलं की तो हसतो. त्याचा दोष नाही, त्यानं बैल पाहिलाय तो कॅलेंडरवर. मला मात्र हसू येत नाही. हल्ली कशानंच येत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

माझं नाव मन्मथ. धोतर, लुगडी, टॉवेल, टोप्या विकायचं माझं दुकान अक्काच्या दुकानाला भिंत लागून होतं. लातुरातल्या त्या रस्त्यावर आमचा वीस-बावीस वर्षांचा शेजार. तिचा नवरा शिवमूर्ती काविळीनं गेला तेव्हा मूलबाळ नव्हतं, आणि नातेवाइकांनी दुकान विकायचा सल्ला दिला. बाईमाणसाकडून बैलाचा साज कोण घेणार, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत मीही होतो. महिन्याच्या आत अक्का गादीवर येऊन बसली आणि दोन वर्षांत माणसं इतर दोन दुकानं ओलांडून तिच्याकडं यायला लागली.

ती मूळची देवणीची. तिथलं लेकरू आधी बैलाच्या पोटाखालून रांगतं नि मग आईकडं जातं, असं ती स्वतःच सांगायची. दुकान दहा बाय आठचं. आत अंबाडीचे कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे, पोळ्याच्या झुली. इतर दुकानदार ‘मोठ्या बैलाची द्या’ म्हटलं की मोठी वेसण काढून पुढं टाकत. अक्का तसं करायची नाही. ती गादीवरून उठायची, बाहेर येऊन बैलाच्या पुढ्यात उभी राहायची, त्याच्या नाकाडावरून हात फिरवायची, वितीनं माप घ्यायची आणि मग आत जाऊन वेसण निवडायची. मारका बैलसुद्धा तिच्यापुढं मान खाली घालायचा.

“येसण घट्ट झाली तर बैल खात न्हाई, सैल झाली तर आयकत न्हाई,” ती म्हणायची. बैल सोबत नसेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवायची. “बैल घिऊन या. तुमच्या नाकाला थोडीच घालायची हाय.”

म्हणून तिच्या दुकानापुढच्या जागेला मोल होतं. रस्ता आणि दुकानांच्या पायऱ्या यांच्यामध्ये दहा-बारा हात रुंदीची मोकळी पट्टी होती. बाजाराच्या दिवशी तिथं गाड्या सुटायच्या, बैल चाकाला बांधले जायचे, पुढ्यात कडबा पडायचा. आधी बैलाचं काम व्हायचं, मग माणसं आपापल्या कामाला लागायची. कुणी माझ्याकडं धोतरजोडी घ्यायला, कुणी पलीकडं शेषेरावाच्या लोखंडाच्या दुकानात कुळवाची पास घ्यायला. खरं सांगायचं तर आम्ही सगळे तिच्या बैलांवर जगत होतो. पण हे आम्ही कधी कबूल केलं नाही. उलट शेणाचा वास येतो म्हणून कुरकुर करायचो.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. त्याआधी बारीकसारीक कामाला उस्मानाबादेला खेटे घालावे लागायचे. जिल्हा झाला तशी आम्ही पेठेत फटाके उडवले, पेढे वाटले. जिल्हा झाला की आता पाऊसही जास्त पडेल, असा आमचा थाट होता. पाऊस काही वाढला नाही. कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, कॉलेजं वाढली आणि त्या सगळ्यांच्या सायकली वाढल्या. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या रस्त्यावरून सायकलींचा लोंढा जायचा. त्यात उभ्या गाड्यांची जुवं रस्त्यात आलेली. एकदा कॉलेजला निघालेल्या एका मुलीच्या सायकलचं हँडल जुवात अडकलं आणि ती पडली. गळ्याखालचं हाड मोडलं. चूक तिची नव्हती, गाडीवाल्याची नव्हती आणि बैलाची तर नव्हतीच. पण दोन महिन्यांत भिंतींवर नोटिसा लागल्या.

नोटीस साधी होती. चौकापासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंतची दुकानांपुढची पट्टी यापुढं फक्त सायकलींसाठी. कडेला चुना लावलेले दगड बसवणार. गाड्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या पलीकडच्या मैदानावर सोडाव्यात, म्हणजे इथून दीड मैल. ज्यांची हरकत असेल त्यांनी अर्ज द्यावा आणि अमुक तारखेला दहा ते बारा या वेळात साहेबांपुढं येऊन म्हणणं सांगावं.

शेषेरावाच्या दुकानात बैठक झाली. शेषेराव पेठेतला मोठा माणूस. आवाज मोठा, पोट मोठं, आणि आपलं ऐकलं जाणार याची खात्री त्याहून मोठी. अर्ज त्यानंच लिहून घेतला होता. ‘सदर जागी दररोज किमान दीडशे बैलगाड्या उभ्या राहतात’ असं त्यात होतं.

“शेषेराव, मागच्या दोन महिन्यांत मिळून पंधरा बी आल्या नसतील,” मी म्हणालो.

“अप्पा, अर्ज असाच लिव्हायचा असतो. दीडशे लिव्हल्या की ते पन्नास धरतेत. पन्नास लिव्हल्या तर काय धरतील?”

मी सही केली. बत्तीस दुकानदारांनी केली. अक्का चौथी शिकलेली होती. तिनं कागद सावकाश वाचला आणि परत ठेवला.

“दीडशे कुठं हाईत? मी न्हाई सही करत.”

“मग जागा गेली तर रडत बसू नका,” शेषेराव म्हणाला.

“मी जाऊन तोंडानं सांगते की. हाईत तेवढ्या सांगते.”

शेषेराव हसला, म्हणून आम्हीही हसलो.

आता त्या सालाबद्दल सांगायला पाहिजे. पाऊस गेल्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. विहिरी फेब्रुवारीतच तळाला गेल्या. कडबा दिसेना. ज्यांना जमलं त्यांनी बैल चारा छावणीत नेऊन बांधले, बाकीच्यांनी बाजाराची वाट धरली. त्यामुळं गाड्या येणार कुठून? त्याच दिवसांत कचेरीचा एक माणूस समोरच्या लिंबाखाली तीन दिवस कागद घेऊन बसला होता. पहिल्या दिवशी त्याला दोन गाड्या दिसल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही, तिसऱ्या दिवशी एक. आम्ही त्याला चहा पाजला आणि मोजू दे बिचाऱ्याला म्हणालो. कशासाठी मोजतोय हे आम्हाला नोटीस लागल्यावर कळलं.

गाड्या नव्हत्या तरी अक्काचं दुकान चालू होतं, आणि तेच वाईट होतं. आमच्याकडं जनावर विकताना घरचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणून माणूस बाजाराच्या वाटेवर एक स्वस्तातलं नवं दावं घेतो, बैलाच्या गळ्यात ते बांधतो आणि घरचं सोडून खांद्यावर टाकतो. बैल देऊन घरी परतताना ते दावं तेवढं सोबत असतं. त्या साली अक्काकडून वेसण कुणी घेतली नाही, घुंगरमाळ तर सोडाच. नुसती दावी खपत होती. बाजाराच्या दिवशी वीस, कधी पंचवीस, कधी तीस.

अक्कानं त्यावर एक नियम केला होता. विकायच्या बैलाच्या दाव्यानं ती भवानी करायची नाही. दिवसाची पहिली विक्री दुसरी कशाचीही होऊ दे, मग दावं देईन, असं ती म्हणायची. पण दुसरं फारसं काही खपतच नव्हतं, कुणी थोडी सुतळी नेली की मगच दावी निघायची.

एका बाजाराच्या दिवशी औशाकडचा निवृत्ती आला. त्याचा जोडीतला एक बैल आधीच गेला होता, दुसरा सोबत होता. गोऱ्हा होता तेव्हापासून त्या बैलाची प्रत्येक वेसण अक्कानंच घातलेली. निवृत्ती पायरीवर बसून राहिला. अक्का गादीवर बसून राहिली. बैल उन्हात उभा. तास झाला तरी दुसरं गिऱ्हाईक येईना. शेवटी मीच उठलो, जाऊन एक लाल गोंडा घेतला आणि तिची भवानी करून दिली. माझ्याकडं काही बैल नव्हता.

मग तिनं एक दावं काढलं, बाहेर येऊन स्वतः बैलाला बांधलं, जुनं सोडून निवृत्तीच्या हातात दिलं. बैलानं सवयीनं नाकाड तिच्या हातापुढं केलं, माप घ्यायचं असेल असं वाटून. तिनं हात मागं घेतला.

“जावा आता,” ती निवृत्तीला म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाईट वाटलं, पण असल्या सालात वाईट वाटण्याची माणसाला सवय होते, तशी मलाही झाली होती.

एप्रिलच्या शेवटी सुनावणीचा दिवस आला. आम्ही सगळ्यांनी भवानी झाली की मिळून जायचं ठरवलं होतं. परगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या पेठेत भवानी झाल्याशिवाय दुकानदार गादी सोडत नाही. सुटे देत नाही, उधार देत नाही, घरून निरोप आला तरी उठत नाही. बापजाद्यांपासून हे चालत आलंय आणि चांगल्या सालात त्याचा कुणाला त्रास नसतो, साडेनऊपर्यंत सगळ्यांची भवानी झालेली असते. त्या दिवशी दहाला चहूकडं बत्तीस दुकानदार हात मांडीवर ठेवून रस्त्याकडं बघत बसले होते.

पावणेदहालाच अक्कानं दुकानाची फळी लावली होती. माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“चला अप्पा.”

“भवानी व्हायची हाय, अक्का. तुमची झाली का?”

“न्हाई.”

“मग?”

“मग काय. भवानी हुईल का न्हाई कुणाला ठावं. साहेब बाराला उठणार ते ठावं हाय.”

“तुम्ही व्हा पुढं. मी आलोच.”

ती गेली. पायात झिजलेल्या चपला, डोक्यावर पदर. मी तिच्यासाठी जे एकदा केलं होतं तेच त्या दिवशी एकमेकांसाठी करणं काही अवघड नव्हतं. मी शेषेरावाकडून एक खिळा घ्यायचा, त्यानं माझ्याकडून एक रुमाल, आणि सगळ्यांनी उठायचं. हे आम्हाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण शेषेरावाच्या आधी कुणाला उठायचं नव्हतं.

अकरा वीसला एका म्हाताऱ्यानं माझ्याकडून टॉवेल घेतला. मी लगेच निघालो. शेषेराव गादीवरून ओरडला, “अर्जात लिव्हलंय तेवढंच सांगा, अप्पा. जास्तीचं बोलू नका.”

कचेरीतल्या त्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून अक्काचा आवाज आला म्हणून मी बाहेरच थांबलो. बोलणं मोडू नये एवढाच तेव्हा विचार होता.

साहेब तिशीचे, किडकिडीत, नांदेडकडचे. बौद्ध घरातून शिकून वर आलेले. कचेरीला सायकलवरून यायचे. त्यांच्या जातीवरून आणि सायकलीवरून शेषेराव पाठीमागं जे बोलायचा ते मी इथं लिहिणार नाही. पण ते ऐकून मी हसायचो, हे लिहायला पाहिजे.

“बाई,” साहेब विचारत होते, “या अर्जात रोज दीडशे गाड्या लिहिल्यात. आमच्या माणसाला तीन दिवसांत तीन दिसल्या. खरं काय आहे?”

“तीन खरं हाय.”

“आणि दीडशे?”

“चांगल्या सालात, बाजारच्या दिवशी साठ-सत्तर. दीडशे मी जल्मात बघितल्या न्हाईत.”

साहेबांनी लिहून घेतलं. “म्हणजे आत्ता दुष्काळ आहे, बैल छावणीत आहेत. पाऊस झाला की ते परत येतील, असं तुमचं म्हणणं आहे?”

अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. बाहेर मी मनात म्हणत होतो, अक्का, हो म्हणा. नुसती मान हलवा. त्यानंच विचारलंय, त्यानंच उत्तर दिलंय.

“छावणीतले येतील,” ती म्हणाली. “इकलेले कसे येतील?”

“विकलेले किती असतील?”

“संक्रांतीपासनं तीनशे चाळीस दावी गेली माझ्या दुकानातनं. माझ्या एकटीच्या. तेवढे बैल गेले, तेवढं मला पक्कं ठावं हाय.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “घरचं दावं देत नाहीत,” ते म्हणाले, आणि मग आवाज बदलला त्यांचा. “बहात्तरला आमचे वडील असंच दावं खांद्यावर टाकून आले होते घरी. आईनं विचारलं बी न्हाई, किती आले म्हणून.”

“इचारत न्हाईत,” अक्का म्हणाली.

“मग आता तुमची हरकत काय म्हणून लिहू? बैल येणार नाहीत असं तुम्हीच म्हणता आणि जागाही मागता.”

“जे ऱ्हायलेत त्येंच्यासाठी मागते. पाच गाड्या येऊ द्या की, धा येऊ द्या. बैल दारात आल्याबिगर मला माप घेता येत न्हाई, आन बिनमापाची येसण मी देत न्हाई. मला रोज नको. आठवड्यातला एक दिस द्या, बाजारचा. बाकीचे सा दिस पोरींच्या सायकली जाऊ द्या. ती पोरगी पडली तवा मीच उचलली होती.”

एवढं सरळ म्हणणं आमच्या बत्तीस जणांच्या बैठकीत एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. साहेबांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी अर्ज हातात घेतला, सह्यांवरून नजर फिरवली.

“बाजाराच्या दिवसापुरती सूट द्यावी असं मला वर लिहिता येईल,” ते म्हणाले. “पण एकाच दुकानाचं म्हणणं म्हणून लिहिलं तर वर टिकणार नाही. या बत्तिसांतले चार-दोन जरी इथं आले आणि तुम्ही सांगितलं तसं खरं सांगितलं, तर मी आजच लिहितो. दीडशेच्या कागदावर नाही लिहिता येणार.”

“यायलेत, साहेब. भवानी व्हायची ऱ्हायली असंल. जरा थांबा.”

“बाराची वेळ आहे.”

“थांबा जरा. येतील.”

“बरं. साडेबारापर्यंत बसतो.”

दार ढकलायला माझा हात दारावर होता. आत चार पावलं टाकायची आणि म्हणायचं, साहेब, ही बाई म्हणते ते खरं आहे, दीडशेचा आकडा खोटा आहे, त्याखाली माझी सही आहे. एवढंच. आणि तेवढंच जमेना. शेषेरावाला काय सांगू, हा एक विचार. त्याच्या घरच्या लग्नाकार्याचा सगळा कपडा माझ्याकडून जायचा. पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. ज्या साहेबाला हसलो त्याच्यापुढं मी खोटं लिहिलं असं म्हणायचं, हे मला जड गेलं. मागून कुणीतरी येईल, त्याच्याबरोबर आत जाऊ, असं म्हणत मी पाच मिनिटं उभा राहिलो. कुणी आलं नाही. मग मी परत फिरलो.

पेठेत आल्यावर शेषेरावानं विचारलं. साहेब उठून गेले होते, मी सांगितलं. कुणालाच आणखी काही विचारायचं नव्हतं. तोवर त्याची भवानी झालेली होती आणि तो पान खात होता.

आठ दिवसांत हुकूम निघाला. पट्टी सायकलींसाठी, सातही दिवस. कचेरीतल्या कुणीतरी शेषेरावाला सांगितलं, तुमच्याच पेठेतली एक बाई येऊन तीनच गाड्या येतात म्हणून लिहून देऊन गेली. झालं. बाईनं जागा घालवली, असं पेठ म्हणायला लागली. शेषेराव तिच्या दुकानाकडं पाठ करून बसायचा. बसवेश्वर जयंतीची वर्गणी मागायला कुणी तिच्याकडं गेलं नाही, प्रसादही पाठवला नाही. माझ्यासमोर सगळे बोलायचे. कुणी गेलं असतं तर बाजाराचा दिवस वाचला असता, हे त्या सगळ्या पेठेत मला एकट्याला ठाऊक होतं. मी मान हलवायचो. होकाराची नाही, नकाराचीही नाही. अशी मान हलवायला आम्हा दुकानदारांना चांगलं जमतं.

मे महिन्यात गुत्तेदाराचे मजूर आले आणि पट्टी खोदायला लागले. दोन वर्षं पीक बुडालेली खेड्यांवरची माणसं. त्यांत निवृत्ती होता. अक्काच्या पायरीपुढं कुदळ मारायची पाळी आली तेव्हा तो थांबला.

“तुमच्या म्होरची जागा हाय हे ठावं असतं तर मी दुसरीकडं काम मागितलं असतं, अक्का.”

“कर की. न्हाई तर दुसरं कुणी करंल.” तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी कुणी कुणाला देत नव्हतं. त्यानं अर्धं पिऊन अर्धं परत दिलं.

पावसाळा त्या वर्षी बरा झाला. चुन्याचे दगड लागले, सायकली जायला लागल्या. खोटं कशाला बोलू, त्यानंतर तिथं एकही पोरगी पडली नाही. माझी स्वतःची लेक त्याच पट्टीवरून कॉलेजला गेली. आणि आम्ही बुडणार म्हणून जे गळे काढले होते, त्यातलं कुणीही बुडालं नाही. मी शाळा-कॉलेजचे गणवेश ठेवायला लागलो, ते धोतरांपेक्षा जास्त खपले. शेषेरावानं लोखंड कमी केलं आणि सायकली विकायला काढल्या. पहिल्या दिवशी त्यानं नारळ फोडला तो त्याच पट्टीवर.

बुडाली ती एकटी अक्का. बाजाराच्या दिवशी ती सामानाचं गाठोडं डोक्यावर घेऊन जिनिंगच्या मैदानावर जायची. दीड मैल जाताना, दीड मैल येताना. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले. तिथं सावली नव्हती, आणि झाडाखालची जी थोडी जागा होती ती आधी आलेल्यांनी धरलेली. इतर दिवशी दुकानात बसायची. गाडी मैदानावर सोडून चालत आलेला एखादा म्हणायचा, मोठ्या बैलाची वेसण द्या. ती बैल घेऊन या म्हणायची. तो हात वर करून रस्ता दाखवायचा, आणू कुठून? आणि दुसऱ्या दुकानाकडं वळायचा.

“द्या की हो अक्का अंदाजानं,” मी एकदा म्हणालो. “जग देतंय.”

“नाक बैलाचं हाय, अप्पा. जगाचं न्हाई,” ती म्हणाली. तेवढं एक तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि त्यातच दुकान गेलं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं जागा विकली आणि देवणीला भावाकडं निघाली. तिला पोचवायला स्टँडवर पेठेतून मी एकटाच गेलो. तिची पिशवी माझ्या हातात होती. उदगीरची गाडी लागायला वेळ होता, आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. दोन वर्षं मी जे गिळून बसलो होतो ते आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

“अक्का,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी कचेरीत आलो होतो. दारापतुर आलो होतो. सगळं आयकलं मी.”

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. गाडी फलाटाला लागत होती, तिकडं ती बघत होती.

“ठावं हाय की,” ती म्हणाली. “दाराच्या फटीतनं दिसलाव मला तुम्ही. म्हून तर साहेबाला थांबा म्हणलं.”



“साडेबारापतुर बसले बिचारे,” ती म्हणाली आणि उठली. गाडीच्या दारात चढून तिनं हात खाली केला. मी पिशवी वर दिली.